डॉक्टर, दोन मिनिटं चेहऱ्याकडे बघा

माननीय फॅमिली डॉक्टर,


हे पत्र तुम्हा सर्वांना मिळून आहे. बाजारपेठेत जिन्याखाली दवाखाना थाटून तीस-तीस वर्षं बसलेल्या, रात्री अकराला दार वाजलं तरी उठणाऱ्या, घराघरातल्या तीन पिढ्यांची दुखणी तोंडपाठ असणाऱ्या तुम्हा डॉक्टरांना. माझी दोन्ही मुलं तुमच्यासारख्यांच्याच औषधावर लहानाची मोठी झाली. सासऱ्यांच्या शेवटच्या आजारपणात आमचे डॉक्टर रोज संध्याकाळी घरी येऊन जात आणि फी विचारली की हात जोडत. ते मी विसरलेले नाही. तरीही मनात साठलेली एक तक्रार आहे आणि ती तुमच्याशिवाय कुणाला सांगून उपयोग नाही, कारण माझ्यासारखा पेशंट पहिल्यांदा तुमचीच पायरी चढतो.

सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी माध्यमिक शाळेत एकतीस वर्षं मराठी शिकवलं. 2015 च्या गणपतीत मोदकांना पाकळ्या पाडत बसले होते, तेव्हा डाव्या डोळ्याची खालची पापणी लवायला लागली. सासूबाई म्हणाल्या, "बाईमाणसाचा डावा डोळा लवणं चांगलं. माहेरचं कुणीतरी येणार बघ." गौरीजेवणाला माझा भाऊ खरंच आला. तो परत गेला, दसरा झाला, दिवाळी झाली, पण पापणी थांबेना. पुढच्या वर्षी तिच्याबरोबर गाल उडायला लागला, मग ओठाचा कोपरा. आधी दिवसातून चार-दोन वेळा, मग तासातून, मग बोलायला तोंड उघडलं की. डोळा गच्च मिटायचा, तोंड डावीकडे ओढलं जायचं, आणि समोरचा माणूस नजर चुकवायचा. 2017 मध्ये मुलीच्या लग्नात फोटोग्राफर "काकू, डोळा उघडा, काकू, डोळा" असं इतक्यांदा म्हणाला की शेवटी मी उठून मांडवामागं जाऊन बसले. त्या अल्बमात मी दिसते ती बहुतेक पाठमोरी.

चार वर्षांत मी पाच दवाखाने केले. पहिल्या ठिकाणी "टेन्शन घेऊ नका" आणि बी-ट्वेल्व्हची पाच इंजेक्शनं. दुसरीकडे डोळ्यांत घालायचे थेंब. तिसरीकडे "तोंडावरून वारं जायची सुरुवात दिसतेय" असं ऐकलं आणि घरात रडारड झाली. स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू झाल्या, पंधरा दिवस रोज चेहऱ्याला करंट दिला गेला. त्या करंटनं गाल अजूनच उडायचा. चौथीकडे झोपेची गोळी मिळाली. ती मी दीड वर्ष घेतली आणि त्या काळातले कितीतरी पहिले तास मला आठवत नाहीत. पाचव्या ठिकाणी मेंदूचा एमआरआय काढायला सांगितला. तो नॉर्मल आला, तेव्हा मला सांगण्यात आलं की आता हे मनाचंच दुखणं समजा.

औषध चुकलं म्हणून मला राग नाही. हा आजार रोज दिसणारा नव्हे. अमेरिकेत मिनेसोटा राज्यातल्या एका जिल्ह्यात झालेल्या जुन्या पाहणीत लाखामागे सातेक पुरुष आणि चौदा-पंधरा बायका असं प्रमाण आढळलं होतं. आशियाई लोकांत तो अधिक दिसतो असं मेंदूविकारतज्ज्ञ सांगतात, तरी तुमच्या आख्ख्या कारकिर्दीत असे पेशंट हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच येणार. नाव चटकन आठवलं नाही तर तो गुन्हा नाही. मला लागलं ते वेगळंच. पाचही ठिकाणी रक्तदाब बघितला गेला, डोळ्यांत टॉर्च मारला गेला, जुन्या फायली उलटल्या गेल्या, पण माझ्या चेहऱ्याकडे सलग दोन मिनिटं कुणी बघितलं नाही. आणि या आजाराचं निदान होतं ते बघूनच.

ते बघितलं माझ्या आठवीच्या वर्गानं. वर्णांची उच्चारस्थानं शिकवत होते. कंठ्य झाले, तालव्य झाले, मूर्धन्य, दंत्य झाले. मुलं जीभ टाळूला लावून लावून बघत होती. मग ओष्ठ्य आले: प, फ, ब, भ, म. दोन्ही ओठ एकमेकांना लागल्याशिवाय हे वर्ण निघत नाहीत, असं सांगून मी 'प' म्हटलं आणि डावा डोळा मिटला. 'फ' म्हटलं, पुन्हा मिटला. पहिल्या बाकावरची एक मुलगी हात वर करून म्हणाली, "बाई, क म्हणताना तुमचा डोळा मिटत नाही. प म्हणतानाच मिटतो." वर्ग हसला. मी फळ्याकडे तोंड करून उरलेला तास काढला.

त्या पोरीनं तेराव्या वर्षी जे सांगितलं ते जवळजवळ निदानच होतं, हे मला पुढं मिरजेला एका डॉक्टरीणबाईंकडे कळलं. ओठ आणि पापणी हे वेगवेगळे स्नायू, पण दोघांना हुकूम देणारी नस एकच, चेहऱ्याची सातवी नस. ती मेंदूच्या देठातून जिथं बाहेर पडते तिथं तिच्यावरचं आवरण नाजूक असतं. बहुतेक पेशंटमध्ये तिथंच एखादी रक्तवाहिनी वाकून नसेला टेकलेली असते आणि नाडीच्या प्रत्येक ठोक्याला तिच्यावर आपटत राहते. आवरण झिजतं, आणि मग ओठाला निघालेला हुकूम शेजारच्या तंतूवर उडी मारून पापणीलाही पोचतो. म्हणून 'प' म्हटलं की डोळा. म्हणून चहा फुंकला की डोळा. या आजाराला हेमिफेशियल स्पाझम म्हणतात. चेहऱ्याच्या एकाच बाजूची उबळ.

मिरजेच्या त्या तरुण डॉक्टरीणबाईंनी खुर्ची पुढं ओढली आणि म्हणाल्या, "फाइल राहू दे. तुम्ही वर्गात काय शिकवता ते मला सांगा." मी बोलत राहिले, त्या बघत राहिल्या. मग डोळे घट्ट मिटून उघडायला लावले, गाल फुगवायला लावले, 'पापड' म्हणायला लावलं. आमच्या ह्यांना विचारलं, "झोपेत होतं का हो?" हे म्हणाले, "होतं की. रात्री दिवा लावला तर गाल उडताना दिसतो." चार वर्षांत हे प्रत्येक दवाखान्यात माझ्याबरोबर होते. हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता. मनाचं दुखणं असतं तर झोपेत थांबलं नसतं का, डॉक्टर?

शेवटी त्यांनी मला आरसा दिला आणि भुवईकडे बोट दाखवलं. आपण डोळा घट्ट मिटतो तेव्हा भुवई खाली येते. माझा डोळा उबळीनं मिटे तेव्हा त्याच बाजूची भुवई वर चढत होती. फ्रान्सच्या बाबिन्स्कींनी ही खूण 1905 मध्ये नोंदवून ठेवली आहे. तळपायाची त्यांची खूण तुम्ही सगळेच कॉलेजात शिकलात, ही भुवईची तेवढी शिकवली जात नाही. एकच डोळा मिटायचा आणि त्याच वेळी तीच भुवई उचलायची, हे ठरवून करायला जवळजवळ कुणालाच जमत नाही. आज घरी आरशासमोर करून बघा. पेशंट सोंग करतोय की काय, ही शंका त्या एका भुवईनं फिटते.

तर माझी पहिली विनंती हीच. डोळा लवतो म्हणून कुणी आलं तर त्याला समोर बसवून बोलतं करा आणि बघा. नुसती पापणी फडफडत असेल, जागरण झालं असेल, चहा फार होत असेल, तर ती काही दिवसांत किंवा आठवड्यांत आपली आपण थांबते. अशांना धीर देणं बरोबरच आहे. पण तीन महिने होऊन गेले, किंवा उबळ गालाकडे-ओठाकडे उतरली, किंवा दोन्ही डोळे मिटू लागले, तर कृपा करून मेंदूविकारतज्ज्ञाकडे चिठ्ठी द्या. क्वचित एखाद्याच्या नसेवर रक्तवाहिनीऐवजी गाठ किंवा रक्तवाहिनीचा फुगा दाबत असतो, त्यासाठीही ही चिठ्ठी लांबवू नये. आणि एमआरआय लिहाल तेव्हा सातव्या नसेसाठी बारीक कापांचा, असं स्पष्ट लिहा. माझा पहिला एमआरआय नॉर्मल आला, कारण नस कुठं बघायची हे कागदावर कुणी लिहिलंच नव्हतं. दुसऱ्यात रक्तवाहिनीचं वळण नसेला टेकलेलं साफ दिसलं. पहिल्याचे पैसे आम्ही सोसायटीतून कर्ज काढून भरले होते.

दुसरी विनंती, 'वारं' हा शब्द जपून वापरा. आमच्याकडे त्या शब्दाला काय वजन आहे हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. वारं गेलेल्या चेहऱ्यात नस गप्प झालेली असते. स्नायू ढिला पडतो, डोळा मिटत नाही, भाताचा घास गालात साठून राहतो. माझी नस गप्प बसत नव्हती. डोळा मिटत होता, नको तेव्हा नको तितका. ही दोन दुखणी एकमेकांच्या उलट आहेत. गप्प नसेसाठी द्यायचं ते अशा बडबड्या नसेला देऊन चालेल का? एवढं खरं, की वारं जाऊन बरा झालेला चेहराही काही वेळा पुढं ओढतो, हसताना डोळा बारीक होतो. म्हणून तर विचारायचं: आधी कधी तोंड वाकडं झालं होतं का?

आणि 'टेन्शन'. ताण आला की उबळ वाढते, हे खरं. ताणानं रक्तदाबही वाढतो, पण रक्तदाबाच्या पेशंटला तुम्ही नुसतं 'टेन्शन घेऊ नका' म्हणून परत पाठवत नाही. चार माणसांत चेहरा वेडावाकडा होतो म्हणून माणूस खचतो. ते खचणं आजारातून आलेलं असतं, आजार त्यातून आलेला नसतो.

आमच्या आळीत एक टेलर होते. त्यांचं दुखणं माझ्यासारखं नव्हे, पण त्याच्या शेजारचं. दोन्ही डोळे एकदम गच्च मिटायचे, उन्हात तर उघडायचेच नाहीत. त्यांची नजर उत्तम होती, सुईत दोरा ओवता यायचा, पण रस्ता ओलांडताना डाव्या हाताच्या दोन बोटांनी पापणी वर धरून चालावं लागायचं. तोंडात लवंग चघळत ठेवली की डोळे उघडे राहतात, असा त्यांना शोध लागला होता. लोक म्हणायचे, ढोंग आहे, नाहीतर कुणीतरी करणी केली. एका दवाखान्यात त्यांनी लवंगेची गोष्ट सांगितली तेव्हा डॉक्टर हसले, आणि त्यानंतर त्यांनी ती कुणालाच सांगितली नाही. वास्तविक ही लवंगच निदान सांगत होती. याला ब्लेफरोस्पाझम म्हणतात. मेंदूतल्या हालचालींचा ताल सांभाळणाऱ्या यंत्रणेतला हा बिघाड. काही चघळलं, गुणगुणलं, कपाळाला बोट लावलं की डोळे थोडा वेळ उघडतात, हे त्याचं ओळखीचं लक्षण. झोपेत तो बहुधा थांबतो, माझा चालू राहतो. त्याच्या जोडीला जबडाही ओढू लागला तर त्या दुखण्याला हेन्री मेज यांचं नाव आहे. त्यांनी ते 1910 मध्ये लिहून ठेवलं होतं. तरीही कितीतरी वर्षं असे पेशंट मानसिक म्हणून गणले गेले. लंडनच्या डेव्हिड मार्सडेन यांनी 1976 मध्ये ते मेंदूच्या हालचालींच्या आजारांत नेऊन बसवलं. आमच्या टेलरांपर्यंत 1976 पोचलं नाही. त्यांनी मशीन विकलं.

एक गोष्ट तुम्हाला कडू लागेल, पण सांगते. माझ्या नणंदेचं तोंड सतत चघळल्यासारखं हलायचं, जीभ मधूनच बाहेर यायची. वयानं होतं, असं सगळे म्हणायचे. मिरजेच्या बाईंनी तिच्या गोळ्यांची पिशवी टेबलावर ओतली. ॲसिडिटीच्या कॅप्सूलमध्ये लेव्होसल्पिराइड होतं आणि नणंद ती कॅप्सूल पाच वर्षं रोज घेत होती. कुणी एकदा लिहून दिली, मग मेडिकलवाल्यानं जुनी चिठ्ठी बघून देत राहायची, असं चाललेलं. या गटातली औषधं लांबली तर तोंडाच्या-जिभेच्या अशा हालचाली मागं लागू शकतात, आणि औषध थांबवल्यावरही काही जणांच्या राहतात. उलटी थांबवणाऱ्या मेटोक्लोप्रमाइडवर तर अमेरिकेच्या औषध प्रशासनानं 2009 मध्ये ठळक चौकटीत इशारा छापायला लावला: बारा आठवड्यांच्या पुढं देणं टाळा. मनोविकारांच्या औषधांनीही हे होतं, पण ती औषधं गरजेची असतात, ती पेशंटनं परस्पर बंद करू नयेत. पोटातल्या गॅससाठीची कॅप्सूल मात्र पाच वर्षं कशाला? चेहरा हलणारा म्हातारा माणूस समोर आला तर आधी त्याची गोळ्यांची पिशवी मागा, आणि चिठ्ठीवर किती दिवस हे लिहीत जा.

आता उपचाराबद्दल. बोटुलिनम टॉक्सिनचं नाव काढलं की दोन प्रतिक्रिया येतात. एक, "विष आहे ते." दुसरी, "ते नट्या सुरकुत्यांसाठी घेतात ते?" आमच्या पाचव्या डॉक्टरांनीही हेच म्हटलं होतं, माझ्या वयाकडे बघून. म्हणून हा इतिहास सांगते. खराब सॉसेज खाऊन माणसं मरत होती तेव्हा जर्मनीच्या युस्टिनस केर्नर या कवी-वैद्यानं 1820 च्या सुमारास त्या विषाचा अभ्यास केला आणि अगदी थोड्या मात्रेत ते औषध ठरेल असं सुचवलं. सॅन फ्रान्सिस्कोचे नेत्रतज्ज्ञ ॲलन स्कॉट यांनी तिरळेपणासाठी ते प्रत्यक्ष वापरात आणलं. अमेरिकेत त्याला 1989 मध्ये परवानगी मिळाली ती तिरळेपणा आणि पापण्यांची उबळ यांसाठी. सुरकुत्या जातात हे व्हँकुव्हरच्या डॉ. जीन कॅरुथर्स यांच्या लक्षात आलं तेही डोळे गच्च मिटणाऱ्या पेशंटना इंजेक्शन देताना. भुवयांमधल्या आठ्यांसाठीची अमेरिकी परवानगी तर 2002 ची. औषध आमचं होतं, डॉक्टर, आमच्याकडून तिकडं गेलं.

माझं इंजेक्शन दहा मिनिटांत होतं. इन्शुलिनसारखी बारीक सुई, डोळ्याभोवती आणि गालावर पाच-सहा ठिकाणी, मुंगी चावल्यागत. पहिल्या वेळी तीन दिवस काहीच झालं नाही आणि मी मनातून खचले. पाचव्या दिवशी सकाळी चहा फुंकला आणि डोळा उघडाच राहिला. मी बशी खाली ठेवली, पुन्हा फुंकली, पुन्हा उघडा. सासूबाईंना हाक मारली आणि त्यांच्यासमोर प, फ, ब, भ, म असं म्हणत बसले. नस आणि स्नायू यांच्यातला निरोप हे औषध तेवढ्या जागी अडवतं. नसेची टोकं सावरली की निरोप पुन्हा सुरू होतो, म्हणून तीन-चार महिन्यांनी परत घ्यावं लागतं. एकदा माझी पापणी तीन आठवडे खाली लोंबली, एकदा ओठाचा कोपरा ढिला पडून आमटी सांडायची. दोन्ही आपोआप भरून आलं. हे आधी सांगितलेलं होतं, म्हणून मी घाबरले नाही.

कायमचा इलाज म्हणजे शस्त्रक्रिया. कानामागून जाऊन नस आणि रक्तवाहिनी यांच्यामध्ये टेफ्लॉनची बारीक गादी ठेवतात. पीटर जॅनेटा यांनी 1960 च्या दशकापासून ती रुजवली. अनुभवी हातांत शंभरातले पंच्याऐंशी-नव्वद बरे होतात, पण त्या बाजूचं ऐकू येणं जाण्याचा धोका थोडा असतो. मी कान जपला. तिशीतला एखादा पेशंट वेगळं ठरवेल. ठरवायला त्याला दोन्ही वाटा माहीत हव्यात, आणि त्या आहेत हे पहिल्यांदा सांगणारे तुम्हीच असाल.

आता शेवटची विनंती. आजाराचं नाव कागदावर पूर्ण लिहून द्या. विमा कंपनीनं माझा दावा दोनदा फेटाळला, एकदा 'सौंदर्योपचार' म्हणून, एकदा 24 तास दाखल नव्हते म्हणून. पण त्याहून मोठं एक कारण आहे. 2018 मध्ये एका पालकांनी शाळेत लेखी तक्रार दिली, की मराठीच्या बाई वर्गात डोळे मारतात. मुख्याध्यापकांनी मला बोलावलं. ते भले गृहस्थ, त्यांनाच बोलायला संकोच वाटत होता. त्यांनी अर्ज माझ्यापुढं सरकवला आणि विचारलं, "बाई, नक्की काय होतंय तुम्हाला?" माझ्या पर्समध्ये चार दवाखान्यांच्या चिठ्ठ्या होत्या. मी त्या एकेक उघडून टेबलावर ठेवल्या. चारही चिठ्ठ्यांवर औषधं होती. आजाराचं नाव एकीवरही नव्हतं.



आपली नम्र,
एक निवृत्त मराठी शिक्षिका